अकरावीचं अमेरिकन इतिहासाचं पुस्तक, एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतर: सगळा प्रश्न तीन टिंबांचा

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डिजिटल आवृत्तीतलं 'पूर्ण दस्तऐवज पाहा' हे बटण बंद पडलं. दाबलं की कोरं पान. प्रकाशकाच्या मदतकेंद्राला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा उत्तर एकच: ब्राउझर बदलून पाहा. बदलून उपयोग शून्य, कारण दुवाच मेलेला होता. परवान्याचे पैसे मात्र दर विद्यार्थ्यामागे ऑगस्टमध्येच भरलेले. मग छापील पुस्तकातले उतारे आणि नॅशनल अर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावरचे मूळ दस्तऐवज शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासली. तोवर या पुस्तकाला पाचपैकी चार गुण द्यायचे ठरले होते. आता तसं म्हणता येत नाही.

प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीची बरीच पुस्तकं बाजारात आहेत. नकाशे चांगले आहेत, कालरेषा ठीक आहेत, धड्याअखेरचे प्रश्न नेहमीचेच. त्यावर वेळ घालवत नाही. दोष आहे तो मूळ दस्तऐवजांच्या चौकटींत, आणि तिथेही मजकुरात नव्हे, तर मजकुराच्या मधोमध पडलेल्या तीन टिंबांत. पुस्तकाने काय वगळलं, किती वगळलं, हे वाचणाऱ्याला कुठेच कळत नाही. तीन टिंबांखाली तीन शब्द असू शकतात, तीन पानंही असू शकतात.

साधं उदाहरण ब्राउन खटल्याचं, म्हणजे शाळांमधल्या वर्णभेदावरच्या सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्याचं. १७ मे १९५४ च्या एकमताच्या निकालातलं प्रसिद्ध वाक्य पुस्तकात असं येतं: 'आमचा निष्कर्ष असा की ... वेगळे पण समान या तत्त्वाला स्थान नाही.' टिंबांच्या जागी मुळात 'सार्वजनिक शिक्षणाच्या क्षेत्रात' असे शब्द आहेत. ते गेले की निकाल सगळ्या वर्णभेदाला लागू झाल्यासारखा वाचला जातो. पुढच्याच धड्यात बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा मॉन्टगोमेरीचा बसबहिष्कार येतो, डिसेंबर १९५५ ते डिसेंबर १९५६, ३८१ दिवस. तिथे मुलं हमखास विचारतात की कोर्टाने दीड वर्ष आधीच निकाल दिला होता, मग बससाठी वेगळा खटला कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. ब्राउनचा निकाल शाळांपुरता होता, म्हणून बससाठी गेल विरुद्ध ब्राउडर हा खटला लढावा लागला. ते शब्द छापले असते तर पुढचा धडा आपोआप उलगडला असता.

याहून मोठं नुकसान कार्यकारी आदेश ९०६६ मध्ये होतं. जपानशी युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ रोजी सही केलेला हा आदेश. पुस्तकात चौकटीचं शीर्षकच 'जपानी अमेरिकनांच्या स्थलांतराचा आदेश' असं आहे, आणि खाली कापलेल्या दोन ओळी. मूळ आदेशात 'जपानी' हा शब्द एकदाही येत नाही. लष्करी अधिकाऱ्याला हवा तो भाग लष्करी क्षेत्र ठरवता येईल आणि तिथून 'कोणत्याही किंवा सर्व व्यक्तींना' वगळता येईल, एवढंच म्हटलं आहे. सुमारे १,२०,००० माणसांना घरं सोडायला लावणारा कागद त्यांचं नाव घेत नाही, हाच खरा धडा आहे. शीर्षकाने तो आधीच उत्तरासारखा देऊन टाकला.

वर्गात याचा उपयोग असा करावा. आदेशाचा मुख्य परिच्छेद शीर्षकाशिवाय द्या आणि विचारा, हा कोणाविरुद्ध आहे? चार मिनिटं शोधू द्या, मध्ये बोलू नका. शब्द सापडत नाही म्हणून मुलं अस्वस्थ झाली की दुसरा कागद द्या: १९४२ च्या वसंतात पश्चिम किनाऱ्यावर भिंतींवर लावलेली सूचना. तिथे वंशाचं नाव मोठ्या ठळक अक्षरांत आहे, आणि आत 'एलियन (परकीय) आणि नॉन-एलियन' असा शब्दप्रयोग. नॉन-एलियन म्हणजे कोण, हे मुलांनाच ओळखू द्या. उत्तर 'नागरिक' असं आहे, आणि तो शब्द लिहायचं टाळलंय हे वर्गाच्या लक्षात येतं तेव्हा वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हलवलेल्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. सूचनेतली सामानाची यादीही वाचून दाखवा: अंथरूण, पण गादी नाही, कपडे, ताटं, वाट्या, चमचे, कुटुंबाला उचलून नेता येईल तेवढंच, पाळीव प्राणी नाहीत. पुस्तकाने ही यादी पूर्ण गाळली आहे. पर्ल हार्बर जिथे आहे त्या हवाईत असं सरसकट स्थलांतर का झालं नाही, हा गृहपाठाचा प्रश्न म्हणून उत्तम चालतो.

व्हिएतनाम युद्धाला वाट करून देणारा टोंकिन आखाताचा ठराव तर अवघ्या तीन कलमांचा, एका पानात मावणारा. तरीही कापलाय. ७ ऑगस्ट १९६४ रोजी तो प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. विरोधात मॉर्स आणि ग्रुएनिंग हे दोघेच. पुस्तकात 'सर्व आवश्यक उपाय' योजण्याचा अधिकार देणारं वाक्य आहे, पण दोन गोष्टी टिंबांत गेल्या. पहिली म्हणजे उत्तर व्हिएतनामने अमेरिकन जहाजांवर 'हेतुपुरस्सर आणि वारंवार' हल्ले केल्याचा प्रस्तावनेतला उल्लेख. 'वारंवार' हा शब्द महत्त्वाचा, कारण २ ऑगस्टचा हल्ला झाला होता, पण ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता. राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या स्वतःच्या इतिहासकाराचा अभ्यास २००५ मध्ये खुला झाला, त्यातही हाच निष्कर्ष आहे. दुसरी म्हणजे अख्खं तिसरं कलम: प्रदेशात शांतता आल्याचं राष्ट्राध्यक्ष ठरवतील तेव्हा ठराव संपेल, पण काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, त्याआधीही तो स्वतःच्या ठरावाने संपवता येईल. 'काँग्रेसने युद्ध थांबवलं का नाही?' असं मुलं विचारतात तेव्हा पहिलं उत्तर इथे आहे: दार उघडं ठेवलेलं होतं. ठराव रद्द व्हायला मात्र जानेवारी १९७१ उजाडलं, आणि तरी युद्ध चालूच राहिलं. या पायरीशिवाय १९७३ चा युद्धाधिकार ठराव, त्यातले ४८ तास (काँग्रेसला कळवायला) आणि ६० दिवस (तिच्या मंजुरीविना सैन्य ठेवायला), हे सगळं नुसतं पाठ करायचं कलम होऊन बसतं.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्याबद्दलही हेच. मराठी घरांतल्या पालकांनी ही चौकट जरूर पाहावी. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिबर्टी आयलंडवर सही करताना जॉन्सन म्हणाले की हे विधेयक क्रांतिकारी नाही, लाखोंच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही. पुस्तक इथे थांबतं आणि खाली विचारतं, राष्ट्राध्यक्ष कुठे चुकले? पण त्याच भाषणात ते लगेच पुढे म्हणतात की तरीही हा या काँग्रेसच्या सर्वांत महत्त्वाच्या कायद्यांपैकी एक आहे, कारण अमेरिकन न्यायातला खोल, वेदनादायी दोष तो दुरुस्त करतो. हे 'तरीही' कापलं की माणूस फक्त भाकीत चुकलेला दिसतो. ठेवलं की तो काय साध्य करू पाहत होता ते दिसतं. आकडेही द्या: १९४६ पासून भारतासाठी वर्षाला फक्त १०० जागा होत्या, नव्या कायद्याने पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला २०,००० ची कमाल मर्यादा ठेवली, आणि व्हिसाच्या क्रमवारीत तिसरी पसंती उच्चशिक्षित व्यावसायिकांना दिली. भारतातून आलेल्या डॉक्टर-इंजिनियरांची पहिली मोठी पिढी या वाटेने आली.

मात्र इथे एक सावधगिरी. 'तुमचं कुटुंब कोणत्या प्रवर्गातून आलं ते घरी विचारून या' असा गृहपाठ कधीही देऊ नका. वर्गात कागदपत्रं नसलेल्या घरांतली मुलं असू शकतात. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालानुसार त्यांचा शाळेवर हक्क आहे, आणि अशा प्रश्नाने मूल दुसऱ्या दिवशी वर्गात यायचं टाळतं. त्याऐवजी चार काल्पनिक कुटुंबं लिहून द्या आणि त्यांना पसंतीक्रमात बसवायला सांगा.

फेब्रुवारीत मत पुन्हा बदललं. टिंबांचा एवढा राग आला होता की पूर्ण दस्तऐवजच वर्गात न्यायचं ठरलं. ते साफ फसलं. बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं मार्टिन लूथर किंग यांचं पत्र सुमारे ७,००० शब्दांचं आहे. ४८ मिनिटांच्या तासात मुलं दुसऱ्या पानापर्यंतही पोचत नाहीत, आणि शेवटच्या पानावरचे प्रश्न विचारले की उत्तरं इंटरनेटवरून उतरवलेली येतात. म्हणजे कापणं भागच आहे. स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेल्या 'रीडिंग लाइक अ हिस्टोरियन'च्या धड्यांत तर शब्दही सोपे केलेले असतात, पण मजकूर बदललाय असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि बऱ्याच धड्यांसोबत मूळही मिळतं. ते प्रामाणिक आहे. आमच्या पुस्तकाचा दोष कापण्यात नाही, न सांगता कापण्यात आहे.

त्यावरचा उपाय बिनपैशाचा आहे. टिंबांच्या जागी वगळलेल्या शब्दांची संख्या लिहा: 'येथे ४२ शब्द वगळले'. एवढ्याने मुलं आपणहून विचारू लागतात की त्या ४२ शब्दांत काय होतं. उतारा २५० ते ३०० शब्दांचा ठेवा. इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी १२० ते १५०, पण मुख्य वाक्य जसंच्या तसं. कापताना तीन गोष्टींना हात लावू नये: अधिकार कोणाला मिळतो, कोणावर चालतो, आणि कधीपर्यंत. वरची बहुतेक उदाहरणं या तिन्हींपैकी एक तरी कापल्यामुळे बिघडली आहेत.

तासाचं गणित असं बसतं. पहिली चार मिनिटं फक्त वरची ओळ: कोणी, कधी, कोणाला लिहिलं. मग सहा मिनिटं शिक्षकाने मोठ्याने वाचायचं. मुलांना वाचायला लावलं तर अडखळण्यात अर्थ हरवतो. बारा मिनिटं जोडीने काम. दहा मिनिटं पुस्तकातला उतारा शेजारी ठेवून, त्याने गाळलेले शब्द रंगवायचे. शेवटी दहा मिनिटं एक परिच्छेद लिहायचा. उरलेली सहा हजेरी आणि गोंधळात जातातच. ओळींना पाचपाचच्या अंतराने क्रमांक द्या, नाहीतर 'कुठे आहे, कुठे आहे' यातच वेळ जातो.

या पद्धतीत एक गोष्ट हमखास बिघडते. मार्चपर्यंत मुलांना प्रत्येक टिंबात कट दिसू लागतो, 'पुस्तक खोटं बोलतं' असं उत्तरपत्रिकेत येतं. हे वेळीच थांबवायला एक निरुपद्रवी कापणीही दाखवायला हवी. आदेश ९०६६ च्या प्रस्तावनेतच ती आहे: १९१८, १९४० आणि १९४१ च्या कायद्यांचे संदर्भ-क्रमांक. ते गाळून काही बिघडत नाही. दोन्ही कापण्या समोर ठेवून, कुठली अर्थ बदलते आणि कुठली नाही, हे सिद्ध करायला लावा. या प्रश्नावरची उत्तरं वर्षभरातल्या सर्वांत चांगल्या उत्तरांत होती.

छपाईचा खर्च: पाच तुकड्या, तीस मुलं, दोन पानं म्हणजे एका दस्तऐवजाला ३०० कागद, ५०० च्या रीमचा अर्ध्याहून जास्त भाग. त्याऐवजी ३२ प्रतींचा एकच संच काढून पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरांत घाला आणि मुलांना व्हाइटबोर्डचे मार्कर द्या. कव्हर चकचकीत घ्या, चमक नसलेल्या कव्हरावर शाई धरून बसते. रात्रभर राहिलेली शाई ओल्या फडक्याशिवाय निघत नाही, म्हणून तास संपताना पुसून घ्या. चाळीसच्या दशकातले कार्बन कॉपीचे कागद झेरॉक्समध्ये काळे येतात. मशीन 'फोटो'वर नव्हे, 'टेक्स्ट'वर ठेवा, आणि मूळ पानाची एक प्रत फक्त प्रोजेक्टरवर दाखवून हातात टाइप केलेला मजकूर द्या. संघराज्य सरकारचे दस्तऐवज स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. किंग यांच्या लेखनाचं तसं नाही, तिथे प्रती काढण्याआधी शाळेच्या ग्रंथपालांशी बोला.

एपीच्या, म्हणजे शाळेतच महाविद्यालयीन पातळीची परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी हे पुस्तक पुरेसं नाही. तिथल्या दस्तऐवजी निबंधात सात दस्तऐवज असतात, वाचनाच्या १५ मिनिटांसह ६० मिनिटं, आणि एकूण गुणांपैकी २५ टक्के. किमान चार दस्तऐवज युक्तिवादात वापरावे लागतात आणि दोघांचा लेखक, हेतू, वाचक किंवा काळ आपल्या मुद्द्याशी जोडून दाखवावा लागतो. वर्षभर टिंबांचे उतारे वाचलेल्या मुलाला हे दुसरं काम अवघड जातं. १९४५ ते १९८० या काळाला १० ते १७ टक्के वजन आहे आणि १९८० नंतरच्याला ४ ते ६, त्यामुळे फेब्रुवारीअखेर १९४५ गाठलं नाही तर वॉटरगेट (राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणारं प्रकरण) उरकावं लागतं. आणि वॉटरगेटसाठी निदान दोन मिनिटांची टेप ऐकवायलाच हवी, लिखित मजकूर हातात देऊन, कारण आवाज नुसता कळत नाही. पुस्तकात त्या टेपचाही उतारा आहे, टिंबांसकट.

पुढच्या वर्षी छापील पुस्तकाचा एकच वर्गसंच ठेवावा, नकाशांसाठी. डिजिटल परवाना घेऊ नये. उरलेल्या पैशांत कव्हरं, मार्कर आणि कागद येतात. सध्याच्या संचात मात्र प्रत्येक चौकटीतल्या टिंबांवर पेन्सिलने आकडे लिहायचं काम चालू आहे; एकोणीस झाल्या, तेवीस राहिल्या.