सात रस्त्याजवळचा धर्मशास्त्राचा अभ्यासवर्ग : एक अभिप्राय

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका छोट्या सभागृहात रविवारी सकाळी भरणारा स्मृतिग्रंथांचा सशुल्क अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. प्राचीन धर्मशास्त्राचे नियम आजच्या नीतीला लागू पडतात का, या प्रश्नाभोवती तो आखलेला आहे. अशा विषयावर एरवी जी हमरीतुमरी होते ती येथे होत नाही, ही त्याची पहिली जमेची बाजू.

सर्वांत सरस झाले ते मिताक्षरेवरील सत्र. याज्ञवल्क्य स्मृतीवरील ही टीका (विवरणग्रंथ) विज्ञानेश्वरांनी चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणीत, म्हणजे आपल्या शेजारच्या बसवकल्याणात लिहिली. वाटणीत थोरल्या भावाला जादा हिस्सा देण्यास स्मृतींचा आधार असतानाही विज्ञानेश्वर ती प्रथा नाकारतात आणि त्यासाठी याज्ञवल्क्यांचेच वचन पुढे करतात, की शास्त्रसंमत असले तरी जे लोकांना निंद्य वाटते ते आचरू नये. श्रोत्रिय (वेदपारंगत) पाहुण्यासाठी बैल देण्याचा विधीही याच न्यायाने सुटला, असा दाखला ते देतात. अध्यापकांनी मूळ ओळ फळ्यावर लिहून पदापदाने उलगडली; एवढ्यासाठीही फी वसूल झाली असे मी म्हणेन.

मात्र नियम टिकवायचा की सोडायचा हे अखेर वाचणाऱ्यांची नीतिबुद्धीच ठरवत असेल, तर ग्रंथाचा अधिकार उरतो कितपत, आणि ज्यांच्या निंदेला एवढे वजन दिले त्या लोकांमध्ये विधवा, राबणारे आणि गावकुसाबाहेरचे धरले होते का, हे पुढचे प्रश्न वर्गाने टाळले. मी ते विचारले, तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले. महाड येथे 25 डिसेंबर 1927 रोजी झालेले मनुस्मृतीचे दहन एका वाक्यात उरकले. त्याच कल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या अनुयायी शरणांनी वर्णभेद झुगारला, आणि आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर त्यांच्याच परंपरेतले. सोलापूरकरांपुढे बोलताना याचा उल्लेखही नसावा, हे समजण्यापलीकडचे आहे.

वारसाहक्कावरील सत्र एका वकिलांनी घेतले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मिताक्षरेतील एकत्र कुटुंबाची मालमत्ता ही चौकट राखली, 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले, हा क्रम त्यांनी नीट मांडला. त्यानंतर श्रोत्यांनी आपापल्या भाऊबंदकीच्या तक्रारी काढल्या आणि वर्गाचा फुकट कायदेसल्ला झाला. तोही ऐकण्यासारखा होता.

व्यवस्था सामान्य आहे. झेरॉक्स टिपणे पुसट आहेत आणि मागच्या रांगेत आवाज पोहोचत नाही. संस्कृत येत नसले तरी वर्ग समजतो; पण शंका विचारण्यासाठीच कोणी जाणार असेल, तर प्रश्नोत्तरांना स्वतंत्र वेळ ठेवली आहे का, हे नोंदणीपूर्वी आयोजकांना विचारून घ्यावे.