शब्दपट्ट्या की पावसाळी पिशवी?

पहिलीच्या मुलांना वाक्य जुळवायला शिकवायचंय. शब्दपट्ट्या (एका पट्टीवर एक शब्द) कापू की पावसाळ्यातल्या वस्तूंची पिशवी भरू, असं एका ताईंनी विचारलं. खर्च दोन्हींचा नगण्य. जुन्या लग्नपत्रिका कापल्या की पट्ट्या तयार, आणि त्या वर्षभर टिकतात. पिशवीतलं आघाड्याचं पान दुपारपर्यंतच मलूल.

पण मुलांना बोलतं करते ती पिशवीच. छत्री, पान, बेडूक (खेळण्यातला, खरा नको!) हाती आलं की वाक्य आपसूक फुटतं. पट्ट्यांचा खरा उपयोग लिंगाला आणि सामान्यरूपाला (प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप): पाऊस पडला, वीज पडली, पान पडलं, 'पाऊसात' नव्हे, 'पावसात'. हे डोळ्यांना दिसावं लागतं.

बोलायला बुजणाऱ्यांना पिशवी द्या. घडाघडा बोलून लिहिताना अडखळणाऱ्यांना पट्ट्या.