ग्रेट सर्कल मॅपर: मुंबई–लंडन अंतर मोजायला कितपत कामाचं?

दोन खंडांतल्या शहरांमधलं हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं कमीत कमी अंतर, बघायचं तर ग्रेट सर्कल मॅपर हे संकेतस्थळ आजही सगळ्यात भरवशाचं. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि अंतर शहराच्या मध्यापासून नाही, विमानतळापासून विमानतळापर्यंत धरतं.

चौकटीत विमानतळांचे तीन अक्षरी कोड इंग्रजीत टाकायचे, मध्ये आडवी रेघ: बीओएम-एलएचआर (BOM-LHR, म्हणजे मुंबई ते लंडनचं हीथ्रो). उत्तर ७,२०८ किमी. गोव्याहून बघत असाल तर कोड नीट निवडा, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. एककाकडेही लक्ष हवं. हेच अंतर ४,४७९ मैल किंवा ३,८९२ नॉटिकल मैल होतं. नॉटिकल मैल १.८५२ किमीचा असतो. त्याला साध्या मैलाचा १.६०९ लावला की साडेनऊशे किमी गायब.

थांब्याचा प्रवास तपासायला मधला कोड घालायचा. दुबईमार्गे बेरीज सुमारे ७,४३० किमी येते, म्हणजे जादा जेमतेम सव्वादोनशे. दुबईमार्गे वेळ जातो तो विमानतळावर ताटकळण्यात, अंतरात नाही. स्वल्पविराम देऊन दोन्ही मार्ग एकाच नकाशावर काढता येतात, तसे काढूनच बघा.

खरी किंमत आकड्यापेक्षा त्या नकाशावरच्या रेषेला आहे. मुंबईहून निघालेली रेषा सौराष्ट्रावरून कराचीजवळ पाकिस्तानात शिरते, मग बलुचिस्तान, पूर्व इराण, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस, क्रिमियाचं पूर्व टोक आणि पुढे युक्रेन. आता अडचण बघा. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने आपलं आकाश एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंद केलं. त्यामुळे विमान या रेषेवरून जातच नाही, वळसा घालतं. मॅपरला यातलं काही कळत नाही, वाराही कळत नाही. लंडनला जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून जाणं परतीपेक्षा जास्त वेळ खातं. तेव्हा ७,२०८ ला वेगाने भागून उड्डाणाची वेळ काढू नका. ती विमान कंपनीच्या वेळापत्रकातच बघावी. प्रत्यक्ष उडालेला मार्ग हवा असेल तर फ्लाइटरडार२४ वर त्या उड्डाणाची नोंद उघडा.

मात्र एका ठिकाणी हाच सरळ आकडा कामाला येतो. युरोपीय संघातून निघणाऱ्या विमानाला उशीर झाला तर नियम २६१/२००४ खालच्या भरपाईचे टप्पे (१,५०० आणि ३,५०० किमी) याच अंतरावर ठरतात. एकाच बुकिंगमध्ये थांबा असला तरी पहिल्या ते शेवटच्या विमानतळाचं सरळ अंतर धरतात. म्हणून दावा करताना मधला कोड गाळून फक्त दोन टोकं टाका.