मेथोट्रेक्सेट पुरे पडत नाही तेव्हा: तीन औषधे, एक पेशी आणि घरातला जुना क्षय

आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या कागदावरचा रूमॅटॉइड संधिवात, मेथोट्रेक्सेटच्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांनी तीन ते सहा महिन्यांत पुरेसा आटोक्यात आला नाही, की पुढच्या भेटीत बहुधा तीन नावे समोर येतात: अडॅलिमुमॅबचे इंजेक्शन, टोसिलिझुमॅबचे सलाईन किंवा टोफॅसिटिनिबची गोळी. सांगली, मिरज किंवा साताऱ्याच्या घरांत त्यावर पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा सुईचा. माझ्या थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी, हा निर्णय घेताना आमच्याही घरी चर्चा तिथूनच सुरू झाली. मी प्राणिशास्त्राचा शिक्षक असल्यामुळे औषधांची पत्रके वाचताना माझे लक्ष पुनःपुन्हा एकाच पेशीकडे जात राहिले, आणि तिच्या बाजूने पाहू लागल्यावर आमचा पसंतीचा क्रम पूर्ण बदलला. तो कसा बदलला ते येथे मांडतो. औषध ठरवायचे ते संधिवाततज्ज्ञांबरोबर बसूनच, हे गृहीत धरले आहे.

ही पेशी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. सीबीसीच्या अहवालात 'मोनोसाइट' या नावापुढे साधारण २ ते १० टक्के असा आकडा असतो आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मोनोसाइट अस्थिमज्जेत तयार होते, रक्तात एक ते तीन दिवस फिरते, आणि जेथे जखम, जंतू किंवा दाह असेल तेथे रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी बनते. इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटा टोचून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या पेशी पाहिल्या, तेथून या भक्षक पेशींचा अभ्यास सुरू झाला. त्याबद्दल १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह मिळाले.

मात्र मॅक्रोफेज केवळ खात नाही. ती निरोप पाठवते, आणि आमवातातले नुकसान त्या निरोपांमुळे होते. निरोगी सांध्याच्या अस्तरात जन्मापासून वस्तीला असलेल्या काही मॅक्रोफेज एकमेकींना घट्ट धरून एक पातळ भिंत उभी करतात आणि सांध्याच्या पोकळीला दाहापासून दूर ठेवतात, असे २०१९ मध्ये उंदरांवरील संशोधनातून दिसले. आमवातात ही भिंत विसकटते. मग रक्तातून नव्या मोनोसाइट आत लोटतात, त्यांच्या मॅक्रोफेज होतात आणि त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ व इंटरल्यूकिन-६ ही संदेशद्रव्ये मोठ्या प्रमाणात सोडतात. त्या हाकेने आणखी पेशी येतात, अस्तर जाड होते आणि सकाळी उठल्यावर तासभर बोटे मिटत नाहीत. याच मोनोसाइटच्या वंशातल्या काही पेशी हाड पोखरणाऱ्या पेशी बनतात. एक्स-रेमध्ये बोटांच्या सांध्यांजवळ कुरतडल्यासारखे जे खळगे दिसतात, ते त्यांचे काम असते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण दुखणे थांबले की औषध आपणहून बंद करणारे मी अनेक पाहिले आहेत. आमवात शांत झालेल्या रुग्णांच्या सांध्यात दाह शमवणाऱ्या मॅक्रोफेजचा एक वेगळा गट वाढलेला असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ज्यांच्या सांध्यात या शांत करणाऱ्या पेशी कमी होत्या, त्यांचा आजार औषध थांबवल्यावर उलटण्याची शक्यता अधिक दिसली. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच बरे वाटतात. म्हणून औषध कमी करणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

आता पहिला पर्याय. अडॅलिमुमॅब टीएनएफ हे संदेशद्रव्य वाटेतच पकडते. लंडनमधील मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी टीएनएफ रोखले तर बाकीची दाहक द्रव्येही खाली येतात हे दाखवले आणि १९९२ मध्ये आमवाताच्या रुग्णांवर त्याची पहिली चाचणी झाली. तेव्हापासूनचा इतका मोठा अनुभव या गटाच्या पाठीशी आहे की बहुतेक डॉक्टरांचे बोट प्रथम येथेच जाते, आणि ते योग्यही आहे. ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन १४ दिवसांतून एकदा कातडीखाली, घरच्या घरी घेता येते. सोबत मेथोट्रेक्सेट चालू ठेवले तर औषधाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होण्याचे प्रमाण घटते आणि गुण टिकतो. भारतात २०१४ पासून बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली रूपे, मिळू लागल्याने किंमतही उतरली आहे. इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते आणि ते गोठता कामा नये, त्यामुळे जत किंवा आटपाडीकडे, जेथे उन्हाळ्यात वीज वारंवार जाते, तेथे बर्फाच्या डब्याची सोय आधी पाहावी.

परंतु खरा प्रश्न फ्रिजचा नाही. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटातच राहतो. शरीर त्याला नेहमी मारू शकत नाही. मॅक्रोफेज एकमेकींना चिकटून त्याच्याभोवती गाठ बांधतात आणि त्याला वर्षानुवर्षे कोंडून ठेवतात. ही गाठ टिकवून धरणारा निरोप टीएनएफचाच असतो. म्हणजे सांध्यात जो निरोप हाड पोखरतो, तोच फुप्फुसात क्षयाला कोंडून ठेवतो, आणि इंजेक्शनला दोन्हींतला फरक कळत नाही. २००१ मध्ये याच गटातल्या इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय उफाळलेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. बहुतेकांना तो औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच झाला होता आणि निम्म्याहून अधिक जणांत तो फुप्फुसाबाहेर होता. ही नोंद प्रामुख्याने क्षय कमी असलेल्या देशांतली होती, हे आपण विसरू नये.

आमच्या घरी हा विषय निघाला तो अपघातानेच. डॉक्टरांनी अक्काला "घरात कोणाला टीबी झाला होता का" असे विचारले आणि ती "नाही" म्हणाली, कारण तिला तो वडिलांचा 'छातीचा आजार' म्हणूनच माहीत होता. वडील १९६० च्या दशकात मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयात काही महिने होते, आणि त्याआधीचे वर्षभर ती लहान मुलगी त्यांच्याच खोलीत झोपत होती. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत हा शब्द असाच गिळलेला आहे. क्षयाचे नाव घेतले तर सोयरिकी मोडतील अशी भीती असायची. औषध निवडायच्या आधी ती भीती बाजूला ठेवून घरातल्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट विचारावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

सुप्त क्षयासाठी छातीचा एक्स-रे आणि त्वचेवरची मांटू चाचणी किंवा रक्ताची इग्रा चाचणी करतात. लहानपणी टोचलेल्या बीसीजीचा परिणाम मांटूवर होऊ शकतो, इग्रावर होत नाही. चाचणी सकारात्मक आली म्हणजे टीएनएफरोधकाचे दार बंद झाले असे नाही. प्रतिबंधक उपचार सुरू करून किमान एक महिना गेल्यावर इंजेक्शन देता येते. मात्र या उपचारातले आयसोनियाझिड आणि मेथोट्रेक्सेट या दोन्हींचा भार यकृतावर पडतो, म्हणून एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी चुकवू नये. याच गटात एटानरसेप्ट नावाचे औषध आहे. त्याची रचना वेगळी असून त्यात क्षय उफाळण्याचा धोका अडॅलिमुमॅबपेक्षा कमी आढळला आहे, तेव्हा टीएनएफच रोखायचे ठरले तर त्याबद्दल अवश्य विचारावे.

दुसरा पर्याय टोसिलिझुमॅब. हे इंटरल्यूकिन-६ चा निरोप जेथे पोहोचतो ते दारच अडवते. महिन्यातून एकदा वजनाच्या हिशेबाने सलाईनमधून देतात. कातडीखालचे रूपही आहे. क्षयाची गाठ इंटरल्यूकिन-६ वर टीएनएफइतकी अवलंबून नसते, त्यामुळे तो धोका तुलनेने कमी मानला जातो, तरी आधीची तपासणी येथेही होतेच. मेथोट्रेक्सेट अजिबात सोसत नसेल तर हा पर्याय अधिक वजनदार ठरतो: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थेट तुलनेत, मेथोट्रेक्सेटशिवाय एकटे दिल्यावर टोसिलिझुमॅब अडॅलिमुमॅबपेक्षा सरस ठरले.

याचा आणखी एक गुण फारसा सांगितला जात नाही. जुन्या लाल पेशी मोडून त्यातले लोह परत वापरात आणण्याचे काम मॅक्रोफेजच करतात. इंटरल्यूकिन-६ वाढले की यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक अधिक बनवते आणि ते लोह मॅक्रोफेजच्या आतच अडकून पडते. म्हणून आमवाताच्या अनेक स्त्रियांचे हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या घेऊनही चढत नाही. इंटरल्यूकिन-६ चा निरोप थांबला की हे कुलूप उघडते. अक्काचे हिमोग्लोबिन वर्षभर ९ च्या आसपास अडकले होते, त्यामुळे आमच्यासाठी ही बाब गौण नव्हती.

दोष मात्र तितकाच गंभीर आहे. शरीरातला दाह किंवा जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी रक्तात तपासतात ते सीआरपी हे द्रव्य यकृत इंटरल्यूकिन-६ च्याच सांगण्यावरून बनवते. हे औषध चालू असताना न्यूमोनिया झाला तरी सीआरपी नॉर्मल येऊ शकतो आणि तापही जोराचा येत नाही. गावातल्या डॉक्टरांना औषधाचे नाव ठाऊक नसेल तर या अहवालावरून फसगत होते. कोलेस्टेरॉल आणि यकृताची विकरे वाढू शकतात, आणि पूर्वी डायव्हर्टिक्युलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्यावरच्या लहान पिशव्यांचा दाह, झालेल्यांत आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असल्याने त्यांना हे टाळतात. खर्च सहसा तिन्हींत जास्त असतो.

तिसरा पर्याय, टोफॅसिटिनिब, दिसायला सर्वांत सोपा आहे. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घ्यायची. फ्रिज नको, सुई नको, आणि जेनेरिक मिळत असल्याने बहुधा हाच सर्वांत स्वस्त. ही गोळी एखादा निरोप वाटेत पकडत नाही. ती पेशीच्या आत जाऊन जॅक ही विकरे रोखते, त्यामुळे अनेक निरोप एकाच वेळी क्षीण होतात. त्यात इंटरल्यूकिन-६ येते आणि मॅक्रोफेजला क्षयाच्या जंतूशी झुंजण्याचे बळ देणारे इंटरफेरॉन-गॅमाही येते. म्हणून गोळी असली तरी क्षयाची तपासणी टळत नाही, हे मेडिकलच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. नागीण होण्याचे प्रमाण या औषधाने स्पष्टपणे वाढते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, ५० वर्षांवरील आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांत, टीएनएफरोधकांच्या तुलनेत हृदयविकार आणि कर्करोग अधिक आढळले. त्याआधीच, २०२१ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकाने ठळक इशारा दिला होता. तंबाखू, बिडी, मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी काही असलेल्या साठीच्या माणसासाठी केवळ स्वस्त म्हणून ही गोळी निवडणे मला पटत नाही. तिची एक बाजू मात्र खरी आहे: ती शरीरातून दिवसाभरात निघून जाते, तर अडॅलिमुमॅबचा अंमल कित्येक आठवडे राहतो. तरुण, निर्व्यसनी, जवळ दवाखाना असलेल्या आणि सुईला फार घाबरणाऱ्या रुग्णासाठी तिचा विचार जरूर व्हावा. अपत्याचा विचार असेल तर मात्र मेथोट्रेक्सेट आणि ही गोळी दोन्ही बाद होतात, आणि टीएनएफरोधक पुन्हा पुढे येतात.

ही तुलना आमवातापुरतीच आहे. शेजारणीच्या ल्यूपसला, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या दुसऱ्या आजाराला, ती लावू नये. ल्यूपसमध्ये मॅक्रोफेज मेलेल्या पेशींचा कचरा वेळेवर उचलत नाहीत, आणि उघड्या पडलेल्या त्या कचऱ्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. तेथील पहिले औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असते. स्क्लेरोडर्मात मॅक्रोफेजचा कल तंतू वाढवण्याकडे असतो, म्हणून कातडी आणि फुप्फुसे ताठर होतात. मोठ्यांचा स्टिल्स आजार आणि त्याच जातीचा लहान मुलांचा संधिवात यांत कधी कधी मॅक्रोफेज पूर्ण मोकाट सुटतात. ताप उतरत नाही, रक्तातले फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन हजारांत जाते आणि एरवी दाहात वाढणारा ईएसआर वाढण्याऐवजी घसरतो. अशा वेळी तुलना करत बसू नये, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

सांगलीत राहून हळदीबद्दल न लिहिणे अशक्य आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिच्यातले कर्क्युमिन प्रयोगशाळेत मॅक्रोफेजचा दाह कमी करते हेही खरे आहे. पण ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. शोषण वाढावे म्हणून मिरीचे सत्त्व घालून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचे यकृत आधीच पहाऱ्याखाली असते. भाजीतली हळद चालू द्यावी, कॅप्सूल घेऊ नये.

अक्काची इग्रा चाचणी सकारात्मक आली, एक्स-रे स्वच्छ होता. वय साठीच्या पुढे आणि रक्तदाब असल्याने गोळी बाजूला पडली, वडिलांच्या क्षयामुळे अडॅलिमुमॅब मागे गेले, आणि प्रतिबंधक उपचार सुरू करून डॉक्टरांनी टोसिलिझुमॅब दिले. तिचे सासर कवठेमहांकाळ तालुक्यात आहे, त्यामुळे दर महिन्याला एसटीने मिरजेला येणे आणि औषधाचा खर्च ही दोन्ही ओझी आम्ही जाणूनबुजून स्वीकारली. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी गावातल्या डॉक्टरांसाठी लाल शाईने लिहून ठेवले आहे: "टोसिलिझुमॅब चालू आहे. सीआरपी नॉर्मल असला तरी खोकला किंवा बारीक ताप असल्यास छातीचा एक्स-रे काढावा."