समीकरण संतुलन: नजरेने की बीजगणिताने?

नौपाड्यात संध्याकाळी दहावीची मुलं शिकायला येतात आणि दर वर्षी हाच प्रश्न विचारतात: सर, रासायनिक समीकरण संतुलित करायला कुठली पद्धत धरू?

नजरेची पद्धत म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे होईपर्यंत ते मोजत सहगुणक, म्हणजे प्रत्येक पदार्थाच्या आधीचा आकडा, बसवत जाणं. प्रोपेनचं ज्वलन घ्या: डावीकडे प्रोपेन (C₃H₈) आणि ऑक्सिजन, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. आधी ३ कार्बन, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू. मग ८ हायड्रोजन, म्हणजे पाण्याचे ४. उजवीकडे ऑक्सिजनचे १० अणू झाले, तेव्हा डावीकडे ऑक्सिजनचे ५ रेणू. अर्ध्या मिनिटात काम झालं! ऑक्सिजन मात्र शेवटीच घ्यावा, कारण तो उजवीकडे दोन पदार्थांत विभागलेला असतो.

तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल आलं की ही पद्धत अडखळते. इथे नायट्रोजनही कॉपर नायट्रेट आणि नायट्रिक ऑक्साइड अशा दोन ठिकाणी जातो. एक आकडा बदलला की दुसरा बिघडतो. मुलं खोडत बसतात, मला ते बघवत नाही.

अशा वेळी बीजगणित. प्रत्येक सहगुणकाला अक्षर द्यायचं, प्रत्येक मूलद्रव्याचं एक समीकरण मांडायचं. तांबं १ धरलं तर आम्ल आठ तृतीयांश, नायट्रिक ऑक्साइड दोन तृतीयांश, पाणी चार तृतीयांश. सगळ्याला ३ ने गुणा: ३ तांबं, ८ आम्ल; पलीकडे ३ कॉपर नायट्रेट, २ नायट्रिक ऑक्साइड, ४ पाणी. वेळ लागतो, पण अंदाज उरत नाही.

माझ्या मते सुरुवात नजरेनेच करावी. अणू मोजायची सवय तिथेच लागते. दोनदा खोडावं लागलं, की सरळ अक्षरं मांडायची.