डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी : जर्मनीतील दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दहा महिन्यांत या गाडीने साडेतेरा हजार किलोमीटर कापले. गाडी साधी आहे : पेट्रोलवर चालणारी छोटी नवी हॅचबॅक, हाताने बदलायचे सहा गिअर आणि स्टिअरिंग डावीकडे. त्याआधीची पंधरा वर्षे मी उजवीकडच्या स्टिअरिंगची गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवली होती. गाडी घेण्यापूर्वी मी जी परीक्षणे वाचली त्यांत डिकीची क्षमता होती, शून्यापासून शंभरच्या वेगापर्यंत लागणारे सेकंद होते. रस्त्यावरची इतर माणसे या गाडीच्या चालकाकडून काय गृहीत धरतात, हे मात्र कुठेही नव्हते. मला सर्वांत जास्त गरज त्याचीच होती, म्हणून हा अनुभव प्रामुख्याने त्याबद्दल लिहीत आहे.

पहिले काही दिवस गिअर बदलायचा म्हटले की माझा डावा हात दारावर आपटत असे. पेडलांचा क्रम दोन्हीकडे सारखाच असतो आणि गिअरची मांडणीही उलटत नाही, पहिला गिअर वर डावीकडेच राहतो. फरक इतकाच की पूर्वी पहिला गिअर टाकताना दांडा स्वतःपासून दूर ढकलावा लागे, आता तो स्वतःकडे ओढून वर न्यावा लागतो. माझ्या जुन्या गाडीत इंडिकेटर उजव्या हाताशी होता, इथे त्या जागी वायपर आहे. त्यामुळे कोरड्या ठणठणीत दिवशी वळणावर काच पुसली जाण्याचा प्रसंग अनेकदा आला. हे सगळे पंधरा दिवसांत हाताच्या वळणी पडले.

नजरेची सवय मात्र इतक्या लवकर बदलली नाही, आणि तिचा धोका सुरुवातीला नव्हे, सातव्या आठवड्यात समोर आला. पहाटे पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना रस्ता पूर्ण रिकामा होता. पुढे गाडी नाही, मागे गाडी नाही, म्हणजे कोणाच्या मागे जायचे हे सांगणारे कोणीच नव्हते, आणि मी सहजपणे डाव्या बाजूला लागले. दोनशे मीटरवर समोरून दिवे दिसले तेव्हा चूक कळली. त्या दिव्यांचे अंतर पुरेसे होते, म्हणून मी आज हे लिहू शकते. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सगळ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा सुरुवातीच्या काळात अपघात वाढण्याऐवजी घटले आणि लोक सरावल्यावर पुन्हा पूर्वपदावर आले. माझेही तसेच झाले होते. भीती होती तोवर मी सुरक्षित होते. तेव्हापासून कोणत्याही आवारातून बाहेर पडताना ‘मी मधल्या रेषेच्या बाजूला बसले आहे ना’ हे मनात म्हणते; डावीकडचे स्टिअरिंग आणि उजवीकडची वाहतूक यांची ही सांगड नव्या चालकाला फार उपयोगी पडते.

जर्मनीत राहायला आलेल्या परदेशी चालकाला स्वतःच्या देशाच्या परवान्यावर सहा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर इथला परवाना लागतो, आणि माझ्या बाबतीत त्यासाठी लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागल्या. प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी माझ्या दोन सवयी हेरल्या. लेन बदलताना मी फक्त आरशात पाहत होते, मान वळवून खांद्यावरून मागे पाहत नव्हते. आणि जिथे प्राधान्य माझे होते तिथे मी वेग कमी करत होते.

दुसरी सवय चूक आहे हे मला आधी पटेना. वस्तीतल्या ज्या चौकात पाटी किंवा सिग्नल नसतो तिथे इथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते, मग तो कितीही अरुंद गल्लीतून येत असो. एका सकाळी मी रुंद रस्त्यावरून जात होते आणि उजवीकडच्या बोळातून एक लहान निळी गाडी आली. चालक माझ्याकडे पाहतही नव्हता. माझ्या टायरचा आवाज झाला, आमच्या गाड्यांमध्ये हातभर अंतर राहिले. तो थांबेल असे मी धरले होते, कारण मी ज्या वाहतुकीत शिकले तिथे आधी कोण जाणार हे रस्त्याची रुंदी आणि गाडीचा आकार यांवरून ठरते. मी थांबेन असे त्याने धरले होते, कारण नियम तसा आहे. दोघेही आपापल्या जागी निर्धास्त होतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : माझे प्राधान्य असताना मी सौजन्याने थांबले, तर मागच्याला त्याची कल्पना नसते आणि समोरचाही गोंधळतो. अमेरिकेत चारही बाजूंना थांबण्याची पाटी असलेल्या चौकात जो आधी पोहोचला तो आधी जातो, म्हणजे तिथे प्रत्येकाने एकमेकांकडे पाहणे अपेक्षित आहे. इथल्या बिनपाटीच्या चौकात तशी नजरानजर होईलच असे नाही, उजवीकडे पाहिले की निर्णय झालेला असतो.

गाडीतली बटणे सगळीकडे सारखीच, त्यांचे अर्थ मात्र देशागणिक बदलतात. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे बटण जपानमध्ये, कोणी वाट दिली तर, दोन-तीनदा लुकलुकवून आभार मानण्यासाठी वापरतात. जर्मनीत महामार्गावर पुढे वाहतूक अचानक तुंबलेली दिसली की मागच्यांना सावध करायला तेच बटण दाबतात. समोरचे दिवे क्षणभर चमकवणे ब्रिटनमध्ये अनेकदा ‘तुम्ही आधी जा’ या अर्थाने होते, जरी तिथल्या वाहतूक नियमावलीनुसार त्याचा अर्थ ‘मी इथे आहे’ एवढाच आहे. जर्मनीत वस्तीबाहेर मागून कोणी दिवे चमकवले तर तो ओलांडून पुढे जाणार आहे. हॉर्नचे बटण मी दहा महिन्यांत चार वेळा दाबले असेन; ते नीट चालते, एवढेच त्याबद्दल सांगता येईल.

हॉर्नची जागा आरशाने घेतली, आणि हे मला ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, सर्वांत प्रकर्षाने जाणवले. जिथे मर्यादेची पाटी नाही तिथे १३० हा १९७८ पासूनचा केवळ शिफारस केलेला वेग आहे. मी १२० ने चालले असताना मागून कोणी २०० ने येत असेल तर आमच्यातले तीनशे मीटरचे अंतर तेरा-चौदा सेकंदांत संपते. ट्रक ओलांडायला बाहेर पडण्यापूर्वी आरशातला ठिपका वाढतो आहे का हे दोनदा पाहावे लागते. एकदा पाहून त्याचा वेग कळत नाही. ओलांडून झाले की उजवीकडे परतायचे, कारण उजवीकडून ओलांडायला सर्वसाधारणपणे बंदी आहे आणि डावी लेन अडवून ठेवणाऱ्याने मागच्याला दुसरा पर्याय सोडलेला नसतो. पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचे, तर वेगाच्या आकड्याच्या निम्मे मीटर. कडेचे पांढरे खुंट साधारण पन्नास मीटरवर असतात, त्यांवरून ते मोजता येते. या गाडीचे बाहेरचे आरसे आकाराने मोठे आहेत आणि त्यांसाठी मी तिला पूर्ण गुण देते. मागच्या खिडकीलगतच्या जाड खांबामुळे उजवीकडचा सायकलस्वार झाकला जातो, ही तिची खरी उणीव आहे. उजवीकडे वळताना मान वळवण्याला इथे पर्याय नाही.

दुसरी तक्रार वेगमर्यादेची आठवण देणाऱ्या यंत्रणेबद्दल आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे, आणि बंद केली तरी पुढच्या वेळी गाडी सुरू करताच ती आपोआप चालू होते. कल्पना उत्तम आहे, वस्तीत शिरताना ५० ची आठवण मला तिनेच अनेकदा दिली. पण माझ्या गाडीतला कॅमेरा महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या फाट्याची पाटी मुख्य रस्त्याची समजतो आणि १२० च्या पट्ट्यात ६० चा इशारा देऊ लागतो. अशा चार-पाच खोट्या इशाऱ्यांनंतर खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होऊ लागते, आणि ते मला गंभीर वाटते.

सिग्नलला गाडी थांबली की इंजिन बंद होते आणि क्लच दाबताच सुरू होते. इथे हिरव्याआधी लाल आणि पिवळा दिवा एकत्र लागतो, त्यामुळे क्लच दाबून पहिला गिअर टाकायला नेमका वेळ मिळतो. फ्रान्समध्ये लालनंतर थेट हिरवा लागतो. तिथे माझी गाडी दरवेळी क्षणभर उशिरा निघाली. इंधनाचा हिशोब इथे शंभर किलोमीटरला किती लिटर असा करतात. माझा सरासरी आकडा ५.६ आहे, म्हणजे लिटरला सुमारे १८ किलोमीटर. १५० च्या वेगाने तासभर गेल्यास तो साडेसातच्या वर जातो.

आठव्या महिन्यात महामार्गावर वाहतूक रेंगाळू लागली. सायरन अजून ऐकू येत नव्हता, तरी सर्वांत डाव्या लेनमधल्या गाड्या डावीकडे सरकल्या, बाकीच्या उजवीकडे, आणि मधोमध एक लांबलचक मोकळी वाट तयार झाली. मी उजव्या बाजूच्या पट्ट्यावर चाके टेकवून थांबले. काही मिनिटांनी रुग्णवाहिका वेग न मोडता त्या वाटेने गेली, तिच्या वाऱ्याने माझा आरसा थरथरला. ही वाट न केल्यास किमान २०० युरो दंड आहे. पण त्या दिवशी माझ्या आजूबाजूला दंडाची आठवण होऊन कोणी सरकले असेल असे मला वाटत नाही; प्रत्येकाचा हात स्टिअरिंगवर आपसूक वळला होता. माझाही वळला, याचा मला आनंद झाला.

पुढच्या महिन्यात ही गाडी घेऊन ब्रिटनला जायचे आहे. उजवीकडच्या वाहतुकीसाठी बनवलेल्या दिव्यांचा झोत उजव्या कडेला उंच पडतो, आणि तिथे ती कड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांची असेल. माझ्या गाडीत तो झोत बदलण्याची सोय दिव्यांच्या मेन्यूत आहे. मी ती सेटिंग काल रात्री भिंतीसमोर उभी राहून तपासली आणि उजवीकडचा उंच भाग खाली आला.