रोल्ड ओट्स की इन्स्टंट? डब्यातल्या उपम्याचा अनुभव

काही महिने आमच्या फडताळात रोल्ड आणि इन्स्टंट ओट्सची पाकिटे शेजारी शेजारी होती आणि मधल्या काळात स्टील-कटही (दाणा चपटा न करता नुसते तुकडे केलेले ओट्स) आणून झाले. त्यामुळे पुढे मांडलेले मत रोजच्या कढईतून तयार झालेले आहे.

धान्य तेच असले, तरी रोल्डमध्ये अख्खा दाणा वाफवून चपटा केलेला असतो, तर इन्स्टंटमध्ये तो आधी कापून, अधिक शिजवून, आणखी पातळ केलेला असतो. जाड्या पोह्यांच्या जागी पातळ पोहे भिजवले तर काय होईल, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगणे पटावे.

इन्स्टंटचा उपमा सकाळी ताटलीत घेतला, तर तक्रारीला जागा नसते. तीन मिनिटांत तो होतो आणि मऊही लागतो. माझी अडचण डब्याची होती. आठ वाजता मोकळा वाटलेला उपमा दुपारी एक वाजता उघडला की त्याची एकसंध वडी झालेली असे, गाजर-मटार त्यात रुतलेले असत आणि चमच्याला चिकट लगदा लागे. पाणी कमी केले, तूप वाढवले, फोडणीनंतर परतूनही पाहिले. फरक पडला, पण पुरेसा नाही. रोल्ड ओट्स मात्र चार-पाच मिनिटे कोरडे खमंग भाजून, पाणी एकदम न ओतता हबके मारत शिजवले, तर दुपारपर्यंत पाकळी न् पाकळी सुटी राहते.

स्टील-कटची चव मला सर्वांत आवडते, लापशीसारखा दाणा दाताखाली येतो. परंतु पंचवीस-तीस मिनिटे पातेल्याजवळ उभे राहणे सुटीच्या दिवशीच जमते. बिस्किटांत ते न भिजवता घातल्यास कडक राहतात. तिथेही रोल्ड बरे वाटले, कारण भाजल्यावर त्यांचा पोत टिकतो, तर इन्स्टंट पिठात मिसळून जातात.

घरात लहान मूल किंवा वृद्ध असतील आणि मऊ पेज हवी असेल, तर इन्स्टंट घेणे कदाचित अधिक सोयीचे ठरेल. धिरड्यांसाठीही ते मिक्सरमध्ये पटकन दळले जातात. आमच्याकडे त्यांचे लहान पाकीट अजूनही तेवढ्यासाठी येते. मोठ्या डब्यात मात्र रोल्डच भरलेले असतात.